मारला, पण पकडला नाही: गँट्युलिस्टच्या एका वाया गेलेल्या रात्रीचं प्रकरण

वॉरफ्रेम या ऑनलाइन खेळातला राक्षस गँट्युलिस्ट कोसळला तेव्हा आम्ही चौघांनी एकदमच आरोळी ठोकली. सांगलीत मी, नाशिकला आतेभाऊ, मडगावला त्याचा हॉस्टेलमधला मित्र आणि कॅनडात वॉटर्लूला मामेबहीण, म्हणजे ताई. आमच्याकडे शनिवारची रात्र, ताईकडे दुपार. पंधरा मिनिटं त्या राक्षसाभोवती पळून आमचे हात घामेजले होते. आरोळी विरली आणि ताई म्हणाली, "अरे, शार्ड कुठंय?"

शार्ड, म्हणजे राक्षस पकडल्यावर मिळणारा तुकडा, नव्हता. आम्ही त्याला मारलं होतं, पण पकडलं नव्हतं. वॉरफ्रेममध्ये आयडोलॉनच्या, म्हणजे अशा तीन राक्षसांच्या, शिकारीला उतरणाऱ्यासाठी या दोन शब्दांमध्ये अख्ख्या रात्रीचं अंतर आहे. पकडला असता तर त्याच्यापुढचा, तिघांतला सगळ्यात मोठा हायड्रोलिस्ट बोलावता आला असता. नुसता मेला, म्हणून तो दरवाजा बंद झाला. शिल्लक तेरा मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं शक्य नव्हतं.

त्या रात्री आमच्याकडे बंदुका कमी नव्हत्या, उलट चौघांकडेही त्या कामाची सगळ्यात नावाजलेली बंदूक होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. मी खेळाचं रेकॉर्डिंग केलं होतं. रविवारी सकाळी ते थांबवत थांबवत तीनदा पाहिलं आणि दिसलं ते असं, की त्या बंदुकीनंच आमची शिकार घालवली.

मैदान आणि घड्याळ

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. वॉरफ्रेम हा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरच्या डिजिटल एक्स्ट्रीम्स कंपनीचा खेळ. 2013 पासून चालू आहे आणि फुकट आहे. आमच्यासारख्यांनी तो उचलला त्यात या फुकटपणाचा वाटा मोठा. चार जणांचा गट करून खेळायचं. ऑक्टोबर 2017 मध्ये त्यात 'प्लेन्स ऑफ आयडोलॉन' हे मोठं मोकळं मैदान आलं आणि रात्री त्या मैदानात फिरणारा टेरालिस्ट आला. फेब्रुवारी 2018 मध्ये त्याचे दोन थोरले भाऊ आले, गँट्युलिस्ट आणि हायड्रोलिस्ट. तिघांना ओळीनं पकडलं की खेळाडू त्याला 'ट्रायडोलॉन' म्हणतात.

मैदानातला दिवस 100 मिनिटांचा आणि रात्र 50 मिनिटांची. उजाडलं की आयडोलॉन नाहीसा होतो, मग त्याचा एकच सांधा उरलेला असो की सहा. ही 150 मिनिटांची फेरी जगभर सगळ्यांसाठी एकच आहे. दहा फेऱ्यांना 25 तास लागतात. म्हणजे आज साडेनऊला पडलेली रात्र उद्या साडेदहाच्या सुमाराला पडते, परवा साडेअकराला. ताईच्या घड्याळाशी आपलं घड्याळ आधीच साडेनऊ तासांनी चुकतं, त्यात हे रोज तासभर सरकणारं. चौघांना जमणारी रात्र आठवड्यातून दोनदा मिळाली तरी नशीब. म्हणून एक रात्र वाया गेली की ती मनाला लागते.

एकामागोमाग एक हत्यारं

आयडोलॉन एका हत्यारानं मरत नाही. आम्हाला हे ऐकून माहीत होतं, कळलेलं मात्र नव्हतं.

त्याच्या अंगावर ढाल असते. तुमच्या रायफलीच्या गोळ्या त्या ढालीला ओरखडाही काढत नाहीत. तिच्यावर फक्त व्हॉइडची ऊर्जा चालते. त्यासाठी वॉरफ्रेममधून (आपण चालवतो त्या लढाऊ शरीरालाही खेळात वॉरफ्रेमच म्हणतात) बाहेर पडून ऑपरेटरच्या, म्हणजे ते शरीर चालवणाऱ्या माणसाच्या, रूपात यावं लागतं आणि हातातल्या ॲम्प नावाच्या हत्यारानं मारावं लागतं. ढाल उतरली की परत वॉरफ्रेममध्ये शिरून त्याच्या सांध्यांवर गोळ्या घालायच्या. खेळात त्यांना सायनोव्हिया म्हणतात, आम्ही सांधेच म्हणतो. टेरालिस्टला 4, गँट्युलिस्टला 6, हायड्रोलिस्टला 6. एक सांधा फुटला की तो किंचाळतो आणि ढाल परत चढते. तिघांना पकडायचं तर सांधे 16, आणि प्रत्येक सांध्याआधी ढाल नव्यानं उतरवायची. धडावरचा शेवटचा घाव आणखी वेगळा.

मारण्याचा भाग इथं संपतो आणि पकडण्याचा सुरू होतो. ग्रिनियर या शत्रू सैनिकांच्या छावण्यांजवळ लूर नावाची तरंगणारी यंत्रं असतात. ती आधी गोळ्या घालून खिळखिळी करायची, मग हॅक करायची, की ती हॅक करणाऱ्याच्या मागे मागे येतात. पण रिकामी लूर काहीच कामाची नाही. रात्री मैदानात व्हॉमव्हॅलिस्ट नावाची भुतं हिंडत असतात. त्यांचं शरीर पाडलं की आतून धुरासारखं रूप बाहेर पडतं, ते ॲम्पनं मारायचं. लुरेच्या जवळ असं तिघांना मारलं की त्यांची ऊर्जा शोषून ती लूर भरते. टेरालिस्टला पकडायला अशा भरलेल्या 2 लुरा लागतात, गँट्युलिस्ट आणि हायड्रोलिस्टला 3. त्या जवळ असल्या तर त्याला बांधून ठेवतात. नसल्या तर तो मध्येच नाहीसा होऊन मैदानात दुसरीकडेच उगवतो आणि सगळे त्याच्यामागे धावत सुटतात. शेवटचा घाव बसतो त्या क्षणी भरलेल्या लुरा पुरेशा असल्या तर तो पकडला जातो. एखादी कमी पडली तर नुसता मरतो.

'लुरेच्या जवळ' हे शब्द लक्षात ठेवा. आमची रात्र तिथंच गेली.

त्या रात्री आमच्या हातात काय होतं

चौघांकडे रुबिको स्नायपर रायफल होती, दोघांकडे तिची प्राइम आवृत्ती. रुबिको प्राइम डिसेंबर 2018 मध्ये क्रोमा प्राइमसोबत आली. आयडोलॉनच्या शिकारीत हे नाव कुणालाही विचारा, पहिलं तेच ऐकू येईल. दुर्बिणीतून मारलं की क्रिटिकल घाव जास्त जबर बसतो, आणि लागोपाठ नेमके बसलेले घाव तिचा जोर वाढवत नेतात. सांधा हे ठरलेलं, मोठं, जवळपास स्थिर लक्ष्य. अशा लक्ष्याला जोरदार एकेक गोळी घालणारी बंदूक उत्तम, यात वाद नाही. म्हणून आम्ही चौघांनी तीच घेतली. चार रुबिको म्हणजे चौपट जोर, असा आमचा साधा हिशेब होता.

रात्र साडेनऊला पडली. दोन लुरा पावणेदहाच्या आत हॅक होऊन भरल्याही, कारण सुरुवातीला आम्ही सगळे एकत्र होतो आणि भुतं आपसूक लुरांजवळच येत होती. 9 वाजून 49 मिनिटांनी टेरालिस्ट पकडला गेला. फार चांगलं नाही, पण आमच्यासाठी बरं. त्याचा ब्रिलियंट शार्ड गारा टोट तळ्याजवळच्या वेदीवर ठेवून गँट्युलिस्टला बोलावायचं होतं. मधल्या वेळात मी आर्चविंगवरून, म्हणजे उडायच्या पंखांवरून, उडत जाऊन तिसरी लूर हॅक केली आणि तळ्याकडे आणली. गडबड इथून सुरू झाली.

रेकॉर्डिंगमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. मी लूर घेऊन येतो आहे. मागे मडगावचा मित्र टेकाडावर उभा राहून दुर्बिणीतून लांबची भुतं टिपतो आहे. नेमबाजी सुरेख. एक गोळी, एक शरीर. पण तो टिपतो आहे ती भुतं माझ्या लुरेपासून दूर, तळ्याच्या पलीकडच्या काठावर पडताहेत. त्यांचं धुराचं रूप बाहेर येतं, तिथं ॲम्प घेऊन कुणीच नाही, आणि ते निघून जातं. जी तीन-चार भुतं माझ्याकडे येत होती, त्यातली दोनच माझ्या लुरेजवळ पूर्ण मेली. माझ्याही हातात रुबिकोच होती. अंगाशी आलेल्या, सैरावैरा उडणाऱ्या भुताला दुर्बिणीतून मारणं म्हणजे डासाला कुऱ्हाडीनं मारणं. माझे तीन नेम चुकले, आणि तेवढ्यात नाशिकहून आवाज आला, "आला रे, आला! शील्ड घ्या!"

तिसऱ्या लुरेत दोनच भुतं होती. तिला एक भूत कमी पडलं.

मी ते तपासलं नाही. लूर माझ्यामागे येत होती, म्हणजे भरली असेल असं धरून मी लढाईत उतरलो. बाकीच्यांनीही मला विचारलं नाही, कारण विचारायचं असं आमच्यात ठरलेलंच नव्हतं. पंधरा मिनिटांनी गँट्युलिस्ट भरलेल्या दोन लुरांसमोर मेला, आणि तिसरी माझ्या शेजारी अर्धवट तरंगत राहिली. रेकॉर्डिंगमधलं ते चित्र मी बराच वेळ थांबवून पाहत बसलो होतो.

दुसरी कारणं, जी त्या कारणामागे लपली होती

एवढ्यावर थांबता आलं असतं. लूर भरली नव्हती, पुढच्या वेळी भरू. पण पंधरा मिनिटं ही सहा सांध्यांसाठी फार होतात. वेळ हातात असता तर कुणाला तरी लुरेकडे बघायची फुरसत मिळाली असती. म्हणून वेळ कुठं गेला ते शोधलं.

आतेभावाच्या रुबिकोत मॉड, म्हणजे बंदुकीचे गुण बदलणारे जोड, चुकीचे होते. तो दिवसभर ग्रिनियर सैनिकांशी लढतो, त्यामुळे त्याची बंदूक कोरोसिव्ह घावासाठी बांधलेली होती, म्हणजे विष आणि वीज एकत्र. ग्रिनियरच्या चिलखताला ते लागू पडतं. आयडोलॉनला रेडिएशन लागतं, म्हणजे आग आणि वीज. एक मॉड बदलायचा होता. बंदुकीचं नाव बरोबर होतं, आतला मसाला वेगळ्या पदार्थाचा होता. नवीन खेळाडू दुसऱ्याची बंदूक पाहून तीच घेतात पण तिचे मॉड विचारत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय, आणि यात आमचा पाच वर्षांचा अनुभवही आडवा आला नाही.

दुसरं व्होल्टच्या शील्डचं. आतेभाऊ व्होल्ट नावाची वॉरफ्रेम खेळत होता. व्होल्ट समोर विजेचा पडदा उभा करतो आणि त्या पडद्यातून आरपार गेलेल्या गोळीला विजेचा जादा घाव मिळतो, क्रिटिकल घावही वाढतो. रेकॉर्डिंगमध्ये तो पडदा बावीस वेळा उभा केलेला दिसतो. त्यातल्या किती वेळा आम्ही पडद्यामागे उभे होतो? मी मोजलं, सात. उरलेल्या वेळी कुणी डावीकडे टेकाडावर, कुणी पाण्यात, कुणी आयडोलॉनच्या पायाशी. चार बंदुका चार दिशांना पसरलेल्या होत्या, म्हणून एका पडद्याचा फायदा कुणालाच झाला नाही. तिघंच असते आणि एकत्र उभे असते, तरी जोर जास्त भरला असता.

तिसरं किंचाळण्याचं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सांधा फुटला की तो किंचाळतो, आणि त्या लाटेत सापडलेल्या वॉरफ्रेमची ऊर्जा मॅग्नेटिक परिणामानं निघून जाते. वाचायचं तर त्या क्षणी ऑपरेटरच्या रूपात व्हॉइड मोडमध्ये, म्हणजे मार न लागणाऱ्या अवस्थेत, असावं लागतं. चौघं मन मानेल तेव्हा गोळ्या घालत होतो, त्यामुळे सांधा नेमका कधी फुटणार ते कुणालाच कळत नव्हतं. दुसऱ्या आणि चौथ्या सांध्याला आतेभाऊ वॉरफ्रेममध्येच सापडला. ऊर्जा शून्य, म्हणून पडदा नाही. पडदा नाही, म्हणून पुढचा सांधा दुप्पट वेळ घेतो. तेवढ्या वेळात लुरांवर मार बसतो आणि ताईची ट्रिनिटी ही वॉरफ्रेम त्यांना बरं करण्यात ऊर्जा घालवते. मग आतेभावाला ऊर्जा द्यायला तिच्याकडे उरत नाही. एका बेफाम गोळीमागे हे सगळं ओळीनं घडत जातं. त्या रात्री ती गोळी बहुतेक वेळा माझी होती. नेम लागल्याचा आनंद मला आवरत नव्हता.

होस्टचाही प्रश्न होता, तो थोडक्यात सांगतो. या खेळात गटातल्याच एकाचं मशीन होस्ट होतं. त्या रात्री गट ताईनं जमवला होता, म्हणून सगळा खेळ वॉटर्लूतल्या तिच्या मशीनवर चालत होता आणि आम्ही तिघं अर्धं जग ओलांडून तिच्याशी बोलत होतो. भूत आम्हाला जिथं दिसायचं तिथं ते नसायचं. पुढच्या वेळी गट आतेभावानं जमवला. ताईला थोडा उशीर जाणवतो, पण तिचं काम असं आहे की त्याला तो चालतो.

कुणाकडून काय काढून घ्यायचं

रविवारी दुपारी आम्ही बोललो. वाद झाला, आणि तो इथं लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण मडगावच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "जोर कमी पडला म्हणून वेळ गेला. मग जोर आणखी कमी का करायचा?" त्याचा मुद्दा असा की आतेभावाचे मॉड सुधारा, सगळे पडद्यामागे उभे करा, चार रुबिको ठेवा, सांधे इतक्या लवकर फुटतील की लुरांना मार बसायला वेळच मिळणार नाही. अतिशय सरावलेल्या गटांचं हेच तत्त्व आहे. ते एका रात्रीत तिघांना सहा-सहा वेळा पकडतात, म्हणजे एका फेरीला जेमतेम आठ मिनिटं. त्यांच्याकडे चार बंदुका असतात, आणि त्या शोभतातही.

पण त्या गटांमध्ये लुरा भरणं डोळे मिटून होतं. आमच्यात ते होत नव्हतं. मी म्हटलं, आपल्याला आधी पकडायला येऊ दे, मग लवकर पकडू. ताई माझ्या बाजूनं आली, आतेभाऊ दोन्हीकडे मान डोलवत राहिला. शेवटी वाटणी अशी ठरली.

मडगावचा मित्र मुख्य नेमबाज. क्रोमा ही वॉरफ्रेम घेईल, कारण त्याच्या व्हेक्स आर्मरनं घाव वाढतो, आणि रुबिको प्राइम त्याच्याकडे राहील. सांधा फोडणारी गोळी फक्त त्याची. आतेभाऊ व्होल्ट आणि दुसरी रुबिको, मॉड दुरुस्त करून. तो सांधा अर्ध्यावर आणेल, संपवणार नाही. ताईकडून स्नायपर काढून घेतली. ट्रिनिटी, लुरांची आणि आमची तब्येत, ऊर्जेचा पुरवठा. तिचं खरं हत्यार ॲम्प, ढाल उतरवण्याचा मोठा भाग तिचा. तिनं तोवर सुरुवातीला मिळणाऱ्या मोट ॲम्पवरच भागवलं होतं. आठवडाभर क्विल्सकडे, म्हणजे ॲम्पचे भाग देणाऱ्या खेळातल्या गटाकडे, खेपा घालून तिनं रॅपलॅक प्रिझमचा ॲम्प बांधला. नेमका, लांबवर जाणारा. त्या एका बदलानं ढाल उतरायला लागणारा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

आणि मी. माझ्याकडून रुबिको काढून घेतली ती मीच. ऱ्हायनो ही वॉरफ्रेम घेतली, कारण त्याच्या रोअरनं गटाचा घाव वाढतो आणि आयर्न स्किनमुळे मी लुरांमध्ये उभा राहू शकतो. हातात इग्निस, आगीचा फवारा. पल्ला तोकडा, सांध्यासाठी जवळपास निरुपयोगी. पण व्हॉमव्हॅलिस्ट अंगाशी आले की नेम धरायची गरज नाही, फवारा फिरवला की शरीरं पडतात. पल्ला तोकडा असल्यामुळे ती लुरेजवळच पडतात, आणि मला इग्निसचा तो तोकडेपणाच हवा होता. मग ऑपरेटर होऊन ॲम्पनं धूर संपवायचा. भूत मोजायचं. तोंडानं मोजायचं: "पहिल्या लुरेत दोन. पहिल्या लुरेत तीन, भरली."

दोन शब्द ठरवले. सांधा फुटायच्या बेतात आला की नेमबाज म्हणेल "फुटतोय", आणि सगळे व्हॉइड मोडमध्ये शिरतील. आणि पाचव्या सांध्याआधी मी म्हणेन "तीन बांधल्या". हे ऐकू आल्याशिवाय पाचव्या सांध्यावर गोळी नाही. पाचवाच का, सहावा का नाही, असं ताईनं विचारलं. कारण पाचव्यानंतर हाताला थांबवणं कठीण जातं. शेवट दिसायला लागला की बोट आपोआप दाबलं जातं, हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढच्या रात्री

रविवारी रात्र साडेदहाच्या सुमाराला पडली. ताईचा नवा ॲम्प अजून झाला नव्हता. टेरालिस्ट पकडला. गँट्युलिस्टच्या वेळी चौथ्या सांध्यानंतर मी म्हणालो, "थांबा. दोनच भरल्यात. तिसरीत एक कमी आहे." मित्र म्हणाला, "शील्ड उतरलीय रे, सांधा समोर आहे." मी पुन्हा म्हणालो, "थांब."

तो थांबला. चाळीस सेकंद तो रुबिको रोखून नुसता उभा राहिला आणि आयडोलॉनचा मार खात राहिला. मी फवारा घेऊन एका भुतामागे चिखलातून पळत होतो. ते चाळीस सेकंद मला त्या सगळ्या आठवड्यातले सर्वांत चांगले वाटतात. चांगल्या नेमबाजाला समोरचं लक्ष्य सोडायला सांगणं सोपं नाही, आणि ते ऐकणं त्याहून अवघड. भूत पडलं, लूर भरली, मी "तीन बांधल्या" म्हणालो, आणि दीड मिनिटात गँट्युलिस्ट पकडला गेला. रेडियंट शार्ड मिळाला. ताईनं वॉटर्लूतल्या खोलीत टाळ्या वाजवल्या त्या आम्हाला तिघांना ऐकू आल्या.

तो शार्ड वेदीवर ठेवला आणि हायड्रोलिस्ट आला. पाऊस सुरू झाला. चार सांधे फुटले आणि उजाडलं. तो आमच्यासमोरून नाहीसा झाला. त्या हारीचं मला वाईट वाटलं नाही, कारण या वेळी आम्हाला घड्याळानं हरवलं होतं, आमच्या बंदुकांनी नव्हे.

पुढच्या शनिवारी ताईचा ॲम्प तयार होता. तिघांना ओळीनं पकडायला 27 मिनिटं लागली. मैदानाला लागून असलेल्या सीटस गावाच्या फाटकातून आत-बाहेर करून नव्या मैदानात लगेच दुसरी फेरी सुरू केली, ती उजाडायच्या बेतात गँट्युलिस्टपाशी अडकली. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही 19 मिनिटांवर आलो आहोत, म्हणजे एका रात्रीत दोन फेऱ्या. सरावलेले लोक यावर हसणारही नाहीत, त्यांना हा वेळ लक्षातही येणार नाही. पण हायड्रोलिस्टकडून मिळणारं, वॉरफ्रेमला जोडायचं आर्केन एनर्जाइज हे बक्षीस, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्या पूर्ण पायरीला 21 नग लागतात आणि ते क्वचितच पडतं. एका वेगवान रात्रीनं ते भरत नाही, न चुकता पकडलेल्या खूप रात्री लागतात. म्हणून मला वेगापेक्षा न चुकणं मोलाचं वाटतं, निदान आमच्यासारख्या आठवड्यातून दोन रात्री खेळणाऱ्या गटासाठी.

अजून न सुटलेलं

मित्राचा मुद्दा अजून जिवंत आहे. 19 मिनिटांच्या खाली आम्ही जात नाही, आणि जिथं अडतो ती जागा रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी एकच आहे: हायड्रोलिस्टचा तिसरा ते पाचवा सांधा. तिथं आमच्या दोनच बंदुका पुरत नाहीत. माझ्या लुरा तोवर भरलेल्या असतात, भुतं मारायची गरज उरलेली नसते, आणि मी इग्निस घेऊन रिकामा उभा असतो. तो म्हणतो, त्या वेळी तुझ्या हातात तिसरी रुबिको असायला हवी. खरं आहे. मी इग्निससोबत दुसरी बंदूक म्हणून सांध्याला चालेल असं जोरदार पिस्तूल घेऊन पाहिलं. जोर पुरला नाही, आणि मी पुन्हा "फुटतोय" ऐकायच्या आधीच गोळी घातली. एकदाच, पण घातली.

या शनिवारी आम्ही उलटं करून पाहणार आहोत. सुरुवातीला चौघं मिळून लुरा भरायच्या, तळ्याकडे एक पाऊलही टाकायच्या आधी तीनही पूर्ण, मोजून. मग सीटसला परत न जाता तिथूनच लढाई, आणि माझ्याकडे रुबिको, पण ताईच्या हाकेवर. "तीन बांधल्या" आता ती म्हणेल, कारण लुरांची तब्येत तीच बघत असते आणि तिच्या हातात स्नायपर नाही. रात्र आठ वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास पडेल. आतेभाऊ गट जमवेल. ताईच्या घरी तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतील, आणि तिनं आत्ताच कळवलंय की चहा करून बसते, उशीर करू नका.